अनुसूचीतील नावे आणि आदिवासी समाजांचे वैविध्य

महाराष्ट्र राज्यासाठी अधिसूचित झालेल्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोरकू जमातीची नोंद एकट्या नावाने केलेली नाही. कोरकू, बोपची, मोवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया अशी सात नावे तेथे एकाच क्रमांकाखाली, स्वल्पविरामांनी वेगळी करून छापलेली आहेत. यादी चाळणाऱ्यास ही एकाच समाजाची स्थानपरत्वे बदललेली नावे वाटतील, आणि त्यांपैकी काही तशी असतीलही. निहाल या नावाची गोष्ट मात्र निराळी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात व सातपुड्याच्या लगतच्या पट्ट्यात राहणाऱ्या या लहानशा समाजाची निहाली नावाची स्वतंत्र भाषा आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा स्टेन कोनो याने ही भाषा मूळची मुंडा कुलातील, पण द्राविड व आर्य भाषांच्या संसर्गाने पालटलेली, अशी ठरविली होती. पुढे १९६२ मध्ये कायपर या डच पंडिताने तिची तौलनिक चिकित्सा केली. कोरकू, मराठी व द्राविड भाषांतून आलेले शब्द बाजूला काढल्यावरही सुमारे चतुर्थांश शब्दसंग्रह असा उरतो की ज्याचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी लागत नाही, हे त्यातून दिसून आले. तिच्यातील दोन, तीन, चार हे अंक द्राविड वळणाचे आहेत, सर्वनामे तिची स्वतःची आहेत, आणि ती बोलणारी माणसे दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. भारतीय उपखंडातील एका अत्यंत प्राचीन भाषिक थराचा अवशेष ज्या समाजाने जतन केला, तो समाज शासकीय यादीत कोरकूंच्या ओळीतील चौथा शब्द म्हणून वावरतो.

हा केवळ योगायोग नव्हे. भारतातील ज्या समाजांना आज आदिवासी या एका नावाने ओळखले जाते, त्यांचे परस्परांतील अंतर त्यांच्या व इतर समाजांच्या अंतराहून अनेकदा मोठे आहे. या परस्परभिन्न समाजांना एका नामाखाली आणण्याचे कार्य मुख्यतः प्रशासनाने व जनगणनेने केले. स्वातंत्र्यानंतर संरक्षणाच्या हेतूने संविधानाने त्या नामाला विधिसंमत यादीचे रूप दिले. आणि तेव्हापासून समाजांच्या इतिहासाऐवजी यादीतील शब्दांचा इतिहास अधिक महत्त्वाचा होऊन बसला. ही प्रक्रिया कशी घडली व तिचे कोणते परिणाम झाले, याचा विचार महाराष्ट्राच्या उदाहरणावरून करता येतो.

प्रथम वैविध्याचे स्वरूप पाहू जाता, २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४२ लाखांहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. अधिसूचित जमातींची संख्या ७०० च्या वर आहे. भिल्लांची गणना दीड कोटीहून अधिक, गोंडांची सव्वा कोटीहून अधिक. त्याच यादीत ग्रेट अंदमानी ४४ आणि ओंगी १०१. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर आर्य, द्राविड, ऑस्ट्रो-आशियाई, तिबेटी-ब्रह्मी, अंदमानी, अरुणाचलातील खामटींची ताई, अशी जवळजवळ सर्व कुले या एका वर्गात येतात. भारतातील इतर कोणत्याही सामाजिक वर्गात इतकी भाषाकुले एकत्र आढळणार नाहीत. खासी व गारो यांच्यात वंश मातेकडून चालतो, तर भिल्ल व गोंड यांच्यात पित्याकडून. मिझो व बहुसंख्य नागा ख्रिस्ती आहेत, खानदेशातील तडवी भिल्ल मुसलमान आहेत, आणि लक्षद्वीपातील मूळ रहिवाशांना तर बेटांवरील जन्माच्या आधारेच अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आहे. तेही बहुतेक सर्व मुसलमान आहेत व मलयाळमशी निकट नाते असलेली बोली बोलतात. डोंगर, अरण्य, दुर्गमता ही जी लक्षणे या शब्दाबरोबर मनात येतात, त्यांपैकी एकही नारळीच्या बागांतील या दर्यावर्दी लोकांना लागू पडत नाही.

महाराष्ट्रापुरतेच पाहिले तरी चित्र याहून फारसे सोपे होत नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी यांच्या बोली आर्यकुलातील असून मराठीच्या अतिनिकट आहेत. खानदेशातील भिल्लांची बोली आर्यकुलातीलच, पण गुजराती व राजस्थानी यांच्या बाजूला झुकणारी आहे. पूर्वेकडे गोंडी व कोलामी या द्राविड भाषा आहेत. या दोन्ही एका कुलातील असल्या तरी कोलाम जे बोलतो ते गोंडाला आपोआप समजत नाही. मेळघाटातील कोरकू ही मुंडा शाखेची भाषा होय, आणि तिचे सख्खे आप्त थेट छोटा नागपूर व ओडिशात आहेत. मुंडा भाषांचा हा अगदी पश्चिमेकडील बिंदू होय. मेळघाटातील कोरकू आपल्या मृतांच्या स्मरणार्थ कोरीव सागवानी फळ्या उभारतात. यवतमाळ व आदिलाबादकडील कोलामांचे भीमायकाचे पूजास्थान शेजारच्या गोंडांनाही पूज्य असून काही विधींसाठी गोंड कोलाम पुजाऱ्याला पाचारण करतात. गोंडांची विवाहव्यवस्था चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांवर उभी आहे. वारल्यांच्या लग्नात चौकातील पालघट देवीखेरीज विधी पुरा होत नाही. या सर्वांत समान असे लक्षण शोधू लागले तर ते धर्मात, भाषेत वा वंशात सापडत नाही.

राजकीय इतिहासही असाच विषम आहे. आदिवासी म्हणजे राज्यसंस्थेच्या बाहेर राहिलेला समाज, ही समजूत पाठ्यपुस्तकांतून अजूनही डोकावते. परंतु महादेव कोळ्यांपैकी जयबा मुकणे याने चौदाव्या शतकात जव्हारचे राज्य स्थापिले, ते १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत त्याच घराण्याकडे होते. गढा-मंडला, देवगड, चांदा व खेरला येथे गोंडांची राज्ये होती. गढ्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मृत्यू पावली. देवगडच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले, आणि चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. विदर्भाचा मध्ययुगीन इतिहास गोंड राजांना वगळून लिहिताच येत नाही. याउलट कातकऱ्यांच्या परंपरेत राज्य नाही, किल्ला नाही, वतन नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा व्यवसाय आणि त्यावरूनच त्यांचे नाव. एका समाजाला गमावलेल्या राज्याची आठवण आहे, तर दुसऱ्याला जमिनीच्या तुकड्याचीही नाही. अशा दोन समाजांना केवळ मागासलेपणाच्या मापाने सारखे लेखणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे.

इंग्रजी अमलाचा आघातही सर्वांवर सारखा झाला नाही. खानदेशात भिल्लांना वश करण्यासाठी १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी करण्यात आली. बंडखोर आणि बंदोबस्त करणारा, दोघेही एकाच जमातीचे. नगर-नाशिक-पुण्याच्या डोंगरी भागात राघोजी भांगरे या महादेव कोळी नायकाने सावकारी व सरकार या दोहोंविरुद्ध उठाव केला, आणि १८४८ मध्ये त्याला ठाण्यात फाशी देण्यात आली. १८७८ च्या जंगल कायद्याने अरण्ये राखीव झाली, तेव्हा त्याचा अर्थ प्रत्येक समाजाला निराळा लागला. कातकऱ्यांच्या हातचा कात गेला व त्यांच्यापैकी पुष्कळ जण कोळशाच्या भट्ट्यांवर आणि पुढे वीटभट्ट्यांवर गेले. ठाणे-कुलाब्याकडील शेतकऱ्यांना राबासाठी फांद्या तोडण्याची बंदी जाचक झाली. ही तक्रार इतकी व्यापक होती की सरकारला १८८५ मध्ये स्वतंत्र जंगल आयोग नेमावा लागला. गडचिरोलीच्या दक्षिणेस माडियांची फिरती शेती हीच मुळी अपराध ठरली. पारध्यांच्या वाट्याला तर जंगल कायद्याखेरीज गुन्हेगार जमातींचा कायदाही आला. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानापुरता झालेला हा कायदा पुढे इतर प्रांतांतही लागू करण्यात आला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. ज्यांना एका सरकारी यादीने जन्मजात गुन्हेगार म्हटले, त्यांनाच दुसऱ्या यादीने पुढे संरक्षणपात्र ठरविले; आणि या दोन्ही याद्यांचा पाया एकाच प्रकारच्या नोंदींवर रचलेला होता.

या समाजांना एकत्र बांधणारा शब्द जनगणनेच्या कचेरीत हळूहळू घडत गेला. १८९१ च्या जनगणनेत बेन्स याने शेतकरी व पशुपालक जातींच्या वर्गात अरण्यवासी जमाती असा पोटवर्ग केला. येथे कसोटी व्यवसायाची होती. १९०१ मध्ये रिस्ले याने ती बदलून धर्माची केली आणि भूतपूजक वा जडप्राणवादी असा धर्म कल्पून या लोकांना त्या रकान्यात घातले. १९११ मध्येही तीच कसोटी राहिली. १९२१ मध्ये डोंगरी व जंगली जमाती असे भौगोलिक वर्णन आले, आणि १९३१ मध्ये हटन याने त्यांना आदिम जमाती म्हटले, म्हणजे कसोटी आता विकासक्रमाची झाली. चाळीस वर्षांत चार कसोट्या बदलल्या, पण मोजली जाणारी माणसे बव्हंशी तीच होती. धर्माची कसोटी किती ठिसूळ होती हे गणना करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच प्रथम जाणवले. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या गणनेचा प्रमुख सेजविक याने तर हा धर्माचा रकानाच रद्द करावा असे सुचविले, कारण वाघदेवाची पूजा करणारा वारली व म्हसोबाची पूजा करणारा कुणबी यांच्यामध्ये रेषा कोठे ओढावी हे त्याला कळेना. एकाच वस्तीतील दोन भाऊ प्रगणकाच्या प्रश्नाप्रमाणे दोन धर्मांत पडू शकत होते.

याच काळात प्रांतोप्रांतीचे जातिजमातींचे कोश तयार होत होते. मध्यप्रांतासाठी रसेल व हिरालाल यांचे चार खंड १९१६ मध्ये, आणि मुंबईसाठी एन्थोवेनचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात बाहेर पडले. हे ग्रंथ आजही उपयुक्त आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांतील एखाद्या जातीखालच्या पोटविभागांची नावे ही बहुधा स्थानिक कारकून, पाटील, शाळामास्तर यांच्याकडून आलेली आहेत. एका तालुक्यात ऐकलेले नाव, उपहासाने पडलेले नाव, व्यवसायाचे नाव, गोत्राचे नाव, ही सर्व तेथे एकाच पातळीवर उतरली. कोश म्हणून हे चालण्यासारखे होते, कारण कोशात नावाबरोबर वर्णन असते. पुढे या नावांची कायद्याची यादी झाली तेव्हा वर्णन गळून पडले व नाव तेवढे राहिले.

स्वातंत्र्यापूर्वीच्या दशकात या समाजांच्या भवितव्याविषयी जो प्रसिद्ध वाद झाला, त्याचेही या संदर्भात पुनरवलोकन करणे आवश्यक आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांवरील ग्रंथात त्यांच्यासाठी राखीव प्रदेशाची कल्पना मांडली. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे खंडन केले, आणि हे लोक म्हणजे मागासलेले हिंदू होत असा सिद्धांत पुढे केला. या वादात अलगता विरुद्ध समावेश असे दोन पक्ष मानले जातात. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की या सर्व समाजांविषयी एकच सिद्धांत मांडता येईल. एल्विन यांच्यासमोर मैकल डोंगरातील बैगा, बस्तरचे मुरिया व मध्यप्रांतातील लोखंड गाळणारे अगरिया होते. घुर्ये यांचे लक्ष पश्चिम भारतातील समाजांकडे अधिक होते. महादेव कोळ्यांवर त्यांनी पुढे १९५७ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि महादेव कोळ्यांचे कुणबी शेतकऱ्यांशी असलेले साम्य कोणीही नाकारणार नाही. आपापल्या परिचयाच्या समाजाविषयी दोघांचेही निरीक्षण बरेचसे यथार्थ होते. ते साऱ्या देशाला लावताना मात्र दोघांचाही तोल गेला. नागा टेकड्यांतील समाजांना मागासलेले हिंदू म्हणणे जितके विपर्यस्त, तितकेच जव्हारच्या खेड्यांतील कोळी शेतकऱ्याला बाह्य जगाचा स्पर्श न झालेला मानणे विपर्यस्त होय.

संविधान सभेत हा प्रश्न शब्दाच्या रूपाने उपस्थित झाला. छोटा नागपुरात १९३८ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी महासभेचे नेते जयपाल सिंह यांनी आदिवासी हाच शब्द संविधानात यावा असा आग्रह धरला, कारण त्या शब्दात या भूमीवरील अग्रहक्काचा दावा सामावलेला होता. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अखेरीस त्यावर जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, आदिवासी हा सर्वसाधारण शब्द असून त्याला निश्चित विधिमूल्य नाही. अनुसूचित जमाती या संज्ञेला मात्र निश्चित अर्थ आहे, कारण त्या जमातींची नावानिशी गणती केलेली आहे. विधिज्ञाच्या दृष्टीने हे उत्तर निर्विवाद होते. हक्क न्यायालयात मागायचा तर तो कोणाचा हे ठरलेले असले पाहिजे. मात्र यातूनच पुढील सर्व इतिहास उद्भवला. संविधानाने जमात म्हणजे काय याची व्याख्या केली नाही. ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती ज्यांना अधिसूचित करतील त्या जमाती, अथवा त्यांचे भाग किंवा त्यांच्यातील गट, एवढेच ठरले. आणि एकदा अधिसूचना निघाल्यावर तीत भर घालण्याचा वा काट मारण्याचा अधिकार केवळ संसदेला राहिला. अशा रीतीने ६ सप्टेंबर १९५० रोजी पहिला आदेश निघाला. त्यासाठी लागणारी नावे अवघ्या काही महिन्यांत नव्याने गोळा करणे शक्य नव्हते. १९३६ च्या आदेशातील मागास जमातींच्या याद्या व जुने कोश हेच हाताशी होते. निकषांचा विचार त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९६५ च्या लोकूर समितीने केला. आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक विलगता, इतर समाजात मिसळण्याचा संकोच व मागासलेपण ही पाच लक्षणे समितीने सांगितली. यादी आधी आणि निकष नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात या यादीला आणखी एक गुंतागुंत चिकटली. राज्याचे तीन भाग तीन प्रशासनांतून आले होते. पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्यातून, मराठवाडा हैदराबादेतून आणि विदर्भ मध्यप्रदेशातून. प्रत्येकाची यादी वेगळी, आणि विदर्भाच्या यादीला प्रदेशाचेही बंधन होते. मेळघाट तालुका, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा तहसिली, यवतमाळकडील केळापूर, वणी व यवतमाळ या तहसिली, एवढ्याच क्षेत्रात तेथील जमातींना तो दर्जा होता. त्यामुळे केळापुरातील गोंड अनुसूचित होता आणि पोट भरण्यासाठी वर्ध्याला गेलेला त्याचा भाऊ नव्हता. १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने हे क्षेत्रबंधन काढले. त्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९७१ मध्ये राज्यातील अनुसूचित जमातींची संख्या सुमारे २९.५ लाख होती, ती १९८१ मध्ये सुमारे ५७.७ लाख झाली. दहा वर्षांत कोणताही समाज नैसर्गिक वाढीने दुप्पट होत नाही. क्षेत्रबंधनामुळे आजवर वगळलेले खरे हक्कदार यात आले, हे प्रमुख कारण होय. तथापि नामसादृश्याचा लाभ घेणारेही काही त्यांच्याबरोबर आले, अशी तक्रार तेव्हापासून सुरू झाली आणि ती निराधार नव्हती.

नामसादृश्य हाच येथून पुढचा विषय झाला. यादीत कोळी महादेव, कोळी मल्हार, टोकरे कोळी आहेत, पण किनाऱ्यावरचा मासेमार कोळी नाही. ठाकूर आहेत, त्यांत 'क' ठाकूर व 'म' ठाकूर हे दोन्ही विभाग आहेत; पण ठाकूर हे आडनाव इतर अनेक जातींतही आहे. हलबा आहेत, परंतु नागपूर भागातील विणकर कोष्टी स्वतःला हलबा कोष्टी म्हणत आले होते. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते यादीत येत नाहीत असा निर्णय दिला, आणि तोपर्यंत अंतिम झालेल्या प्रवेशांना व नेमणुकांना तेवढे संरक्षण दिले. उराँव, धांगड अशी एक नोंद आहे. यातील धांगड हा शब्द धनगर असाच वाचावा, या मागणीवर दशकानुदशके चळवळ झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अमान्य केली. छोटा नागपूरच्या मजुरांचे एक नाव आणि दख्खनच्या मेंढपाळांचे नाव यांच्यातील अंतर एका अक्षरावर येऊन ठेपले. १९९४ मध्ये महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातपडताळणीची तपशीलवार पद्धत घालून दिली. तीत अर्जदाराला जमातीचे दैवत, विवाहविधी, मृतसंस्कार यांविषयी प्रश्न विचारून नाते तपासण्याची कसोटी आली. शंभर वर्षांपूर्वीच्या कोशात नोंदलेला विधी ज्याला सांगता येतो तो खरा, आणि ज्याच्या आजोबांनी मुंबईच्या गिरणीत नोकरी धरली म्हणून ज्याला तो ठाऊक नाही तो संशयित, असे या कसोटीचे विपरीत टोक होऊ शकते. २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ही कसोटी निर्णायक मानता येणार नाही असे स्पष्ट केले, ते योग्यच झाले.

या सर्वांत गोंडांची नोंद विशेष अभ्यसनीय आहे. तीत पन्नासांवर नावे आहेत. राजगोंड, अगरिया, असुर, माडिया, मुरिया, कोया, नाईकपोड, ओझा, माना, आणि गोंड गोवारी. यांत राजवंशाचे वारस आहेत, लोहार आहेत, बैरागी वृत्तीचे गायक आहेत. असुर तर झारखंडात मुंडा भाषा बोलणारी स्वतंत्र जमात म्हणून अनुसूचित आहेत. उलट, ज्यांच्या किंगरीवर गोंडांची पुराणकथा गायिली जाते ते परधान मात्र वेगळ्या क्रमांकावर आहेत. माना हे गोंडांची पोटजमात असतील तरच त्यांना लाभ मिळावा, असे राज्य शासनाने १९८५ मध्ये ठरविले होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि नोंदीतील प्रत्येक नाव ही स्वतंत्र जमात होय असे म्हटले. न्यायालयाच्या या वाचनाप्रमाणे स्वल्पविराम हा भेददर्शक ठरला.

तोच स्वल्पविराम गोंड आणि गोवारी या दोन शब्दांमध्ये नव्हता. विदर्भातील गाई राखणाऱ्या गोवारी समाजाचे म्हणणे असे की, यादीतील गोंड गोवारी म्हणजे आपणच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर या मागणीसाठी त्यांचा मोर्चा आला, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांत स्त्रिया व बालके बहुसंख्य होती. झीरो माईलच्या परिसरात त्यांचे स्मारक उभे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले. गोंड गोवारी ही वेगळी जमात १९११ पूर्वीच लुप्त झाली होती, तेव्हा यादीकारांना गोवारीच अभिप्रेत असले पाहिजेत, असा त्यामागील तर्क होता. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. गोवारी व गोंड गोवारी भिन्न आहेत, आणि अधिसूचनेतील शब्दापलीकडे जाण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. विधीच्या चौकटीत यापेक्षा वेगळा निर्णय होणे कठीण होते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. दोन्ही न्यायालयांसमोरचा पुरावा मुख्यतः जुन्या जनगणना व कोश हाच होता. रसेल-हिरालालांच्या तिसऱ्या खंडातील गोवारींवरचे टिपण लिहिले गेले तेव्हा त्यातील एकेका वाक्यावर लक्षावधी माणसांचा हक्क तोलला जाईल, याची कल्पना लेखकांना असणे शक्य नव्हते. दोन समाजांच्या सरमिसळीतून तिसरे नाव निर्माण होणे ही मध्य भारतातील नित्याची घटना आहे. गोंडांच्या राज्यांत तीनशे वर्षे गुराखी, लोहार, गायक, पुजारी यांची अशी देवघेव चालू होती. तिच्यातील कोणता क्षण गोठवून त्याला जमात म्हणावयाचे, हे ठरविण्याचे साधन इतिहासाजवळ आहे असे म्हणणे धाडसाचे होईल.

यादीमुळे वैविध्य झाकले जाते याचा दुसरा पुरावा जनगणनेच्या तक्त्यांत सापडतो. न्यायालयाने नोंदीतील प्रत्येक नाव स्वतंत्र मानले असले तरी जनगणना नोंदीप्रमाणे बेरीज देते. २०११ मध्ये महाराष्ट्रात गोंडांच्या नोंदीखाली सुमारे १६ लाख व भिल्लांच्या नोंदीखाली सुमारे २६ लाख माणसे मोजली गेली. भिल्लांच्या त्या आकड्यात सातपुड्यातील पावरा, तडवी, वसावे व भिलाला सारेच आले. भाषांच्या तक्त्यातून तरी हा भेद कळावा, तर १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या मातृभाषांची नावे वेगळी प्रसिद्ध केली जात नाहीत. त्यामुळे निहाली जमातींच्या तक्त्यात कोरकूंमध्ये, आणि भाषांच्या तक्त्यात इतर या शब्दामध्ये जाते.

माडियांची स्थिती याहूनही चमत्कारिक आहे. अनुसूचित जमातींमध्येच काही समाज इतरांहून फार मागे राहिले आहेत, हे ढेबर आयोगाने १९६१ मध्ये दाखवून दिल्यावर केंद्र शासनाने १९७५ पासून आदिम जमातगटांची आणखी एक यादी केली. प्रथम ५२ व १९९३ नंतर ७५ गट तीत आले, आणि २००६ मध्ये विशेष असुरक्षित जमातगट असे तिचे नामांतर झाले. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड हे तीन समाज त्या यादीत आहेत. कातकरी व कोलाम यांना मूळ यादीत स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून त्यांची गणना करता येते, साक्षरता काढता येते, दोन जनगणनांतील वाढ वा घट पाहता येते. माडिया मात्र मूळ यादीत गोंडांच्या पन्नासांवर नावांपैकी एक आहेत. भामरागड व एटापल्लीच्या जंगलातील या समाजासाठी स्वतंत्र योजना आहे, स्वतंत्र तरतूद आहे; परंतु जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यात त्यांचा आकडा चांद्याच्या राजगोंडांच्या व नागपुरातील गोंड नोकरदारांच्या आकड्यात मिसळलेला आहे. तो वेगळा काढावयाचा तर गावोगाव स्वतंत्र पाहणी करावी लागते, आणि त्या पाहणीत माडिया कोण हे पुन्हा विचारावेच लागते.